पुतळ्याला हार, वस्तीला उपदेश: अमेरिकेतले पुढारी, किंग जयंती आणि ‘जबाबदारी’ याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारीचा तिसरा सोमवार, म्हणजे किंग जयंतीची सुट्टी, जवळ आली की अमेरिकेतल्या सगळ्या पक्षांचे पुढारी ब्लॅक लोकांच्या समान हक्कांसाठी लढलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांचं एकेक वाक्य पोस्ट करतात आणि त्याच भाषणात कुठेतरी ‘ब्लॅक समाजानेही आता स्वतःची जबाबदारी घ्यायला हवी’ असं एक वाक्य येतंच. मग आपल्या लोकांचे प्रश्न सुरू होतात, आणि दरवर्षी साधारण तेच असतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. मतं माझी आहेत, पटली नाहीत तरी चालेल.

ही किंग जयंतीची सुट्टी कोणी आणली? रेगननी ना?

सही तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी केली, २ नोव्हेंबर १९८३ ला. आणली म्हणणं जरा जास्तच होईल. किंगना मेम्फिसमध्ये गोळी घातली ४ एप्रिल १९६८ ला, आणि चौथ्या दिवशी डेट्रॉइटचे ब्लॅक खासदार जॉन कॉनियर्स यांनी सुट्टीचं बिल मांडलं. मग वर्षानुवर्षं तेच बिल परत परत. १९७९ मध्ये हाउसमध्ये (संसदेच्या खालच्या सभागृहात) मतदान झालं तेव्हा पाच मतं कमी पडली. त्यानंतर स्टीव्ही वंडरने गाणं केलं, मोर्चे काढले, लाखो सह्या गोळा झाल्या, किंगच्या पत्नी कोरेटा किंग दिल्लीला हेलपाटे मारावेत तशा वॉशिंग्टनला हेलपाटे मारत होत्या.

१९८३ मध्ये सिनेटमध्ये (वरच्या सभागृहात) नॉर्थ कॅरोलायनाचे जेसी हेल्म्स यांनी किंग कम्युनिस्टांच्या नादी लागले होते असं म्हणत कागदांचं जाडजूड बाड आणलं, तेव्हा न्यूयॉर्कचे मॉयनिहन इतके भडकले की त्यांनी ते बाड घाण म्हणून जमिनीवर आपटलं (मॉयनिहन हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणारे). बिल ७८ विरुद्ध २२ ने पास झालं. आणि त्याच दिवशी पत्रकारांनी रेगनना विचारलं की किंग खरंच कम्युनिस्टधार्जिणे होते का, तर साहेब म्हणाले, ३५ वर्षांनी कळेलच की! कारण एफबीआयने किंगवर पाळत ठेवून केलेली रेकॉर्डिंग्ज कोर्टाने १९७७ मध्ये ५० वर्षांसाठी सील केली होती. नंतर कोरेटा किंगना फोन करून माफी मागावी लागली. सहीच्या फोटोत मात्र दोघं शेजारी शेजारी आहेत आणि आज फिरतो तो फोटोच.

मग सगळ्या राज्यांनी लगेच पाळायला घेतली?

कसली. पहिली सुट्टी १९८६ ला झाली. अ‍ॅरिझोनात नवीन गव्हर्नर एव्हन मेकम यांनी १९८७ मध्ये आल्या आल्या रद्द केली, १९९० मध्ये मतदारांनीही नाही म्हटलं, मग अमेरिकन फुटबॉलवाल्यांनी १९९३ चा सुपर बोल, म्हणजे त्यांची फायनल, तिथून उचलून कॅलिफोर्नियात नेला. पैसा जातोय म्हटल्यावर १९९२ मध्ये मतदारांचं मन वळलं. साउथ कॅरोलायनाने पूर्ण सरकारी सुट्टी दिली ती २००० साली. आणि अलाबामा, मिसिसिपीमध्ये त्याच सोमवारी किंग आणि जनरल रॉबर्ट ली यांची जयंती एकत्र असते. ली म्हणजे गुलामी टिकवण्यासाठी लढलेल्या फौजेचे सेनापती. एका दिवसात दोन्ही!

किंग जिवंत असताना पण एवढेच लाडके होते का?

नाही, आणि हे कळलं की पुढचं बरंच कळतं. १९६६ च्या गॅलप पोलमध्ये (जनमत चाचणीत) ६३ टक्के अमेरिकनांचं त्यांच्याबद्दल वाईट मत होतं. पुढच्या वर्षी ४ एप्रिल १९६७ ला न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये ते व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बोलले तेव्हा तर एरवी बाजूने असणारी मोठी मोठी वर्तमानपत्रंही उलटली, आणि ज्या राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी मतदान हक्काच्या कायद्यावर, म्हणजे व्होटिंग राइट्स अ‍ॅक्टवर सही केली होती त्यांनीही दारं बंद केली. शेवटी ते करत काय होते तर सगळ्या रंगांच्या गरिबांचा मोर्चा वॉशिंग्टनला नेऊन बसवायची तयारी, आणि मधेच मेम्फिसच्या कचरा कामगारांच्या संपाला गेले, तिथेच मारले गेले. माणूस गेल्यावर त्याला हार घालणं सोपं असतं कारण तो पुढची मागणी करत नाही.

‘कातडीचा रंग नाही तर चारित्र्य बघा’ हे तर त्यांचंच वाक्य ना? मग राखीव जागा वगैरे कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. वाक्य त्यांचंच, २८ ऑगस्ट १९६३, लिंकन मेमोरियल, समोर अडीच लाख माणसं. १९८५ मध्ये रेगननी रेडिओवर हेच वाक्य घेऊन सांगितलं की आमचं सरकार याच स्वप्नासाठी झटतंय, आणि ते सांगताना रोख होता तो नोकऱ्यांमध्ये ब्लॅक लोकांसाठी ठरवलेल्या कोट्यांवर. तेव्हापासून हे वाक्य मागे ठेवलेल्यांना विशेष संधी देण्याच्या धोरणाच्या, म्हणजे अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शनच्या विरोधात वापरायची सवयच पडली.

पण ते भाषण सुरुवातीपासून ऐका. स्वप्न शेवटी येतं. आधी काय आहे, तर चेक. अमेरिकेने ब्लॅक नागरिकांना दिलेला चेक बाउन्स झालाय, खात्यात पुरेसे पैसे नाहीत असा शेरा मारून परत आलाय, आणि तो वटवायला आम्ही इथे आलोय. पोलिसांच्या मारहाणीचा उल्लेख आहे, मत देता येत नाही त्याचा आहे. आणि विशेष मदतीबद्दल त्यांनी १९६४ साली स्वच्छ लिहिलं होतं: ज्या समाजाने शेकडो वर्षं कुणाच्या विरोधात काहीतरी विशेष केलं, त्याने आता त्याच्यासाठी काहीतरी विशेष करायला पाहिजे. तुम्ही आरक्षणाच्या विरोधात असाल तर असा, तुमचा अधिकार आहे, फक्त किंगना साक्षीदार म्हणून बोलवू नका, ते उलटतील.

पुढाऱ्यांचा हा दुटप्पीपणा दाखवणारं एखादं उदाहरण सांगा ना

२७ फेब्रुवारी २०१३. एकच तारीख पुरे.

त्या दिवशी कॅपिटलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनात, रोझा पार्क्स यांच्या पुतळ्याचं अनावरण होतं. ब्राँझचा पुतळा, बाई बसलेल्या आहेत, दोन्ही हात पुढे घेऊन पर्सचा बंद धरलाय. बसमध्ये जागा सोडली नाही म्हणून १९५५ मध्ये माँटगोमरीत अटक झालेल्या बाई, त्यामुळे त्यांना उभं दाखवण्यात काही अर्थच नव्हता. कॅपिटलमधला ब्लॅक व्यक्तीचा हा पहिला पूर्णाकृती पुतळा. ओबामा होते, रिपब्लिकन स्पीकर बेनर होते, सिनेटमधले रिपब्लिकन नेते मॅकॉनेल होते, सगळे छान बोलले.

आणि त्याच दिवशी समोरच्या रस्त्यापलीकडे सुप्रीम कोर्टात शेल्बी काउंटी केसची सुनावणी चालू होती. मुद्दा व्होटिंग राइट्स अ‍ॅक्टचा. १९६५ चा कायदा असा की ज्या राज्यांचा मतदानात भेदभाव करायचा इतिहास आहे त्यांना निवडणुकीचा कुठलाही नियम बदलायच्या आधी केंद्राची परवानगी घ्यावी लागायची. सुनावणीत जस्टिस स्कॅलिया म्हणाले की हे म्हणजे वंशावर आधारलेला हक्क कायम चालू ठेवणं आहे. २५ जून २०१३ ला ५ विरुद्ध ४ ने निकाल आला, कुठली राज्यं त्यात येतात ते ठरवणारं कलम रद्द झालं, म्हणजे परवानगीची अटच निकामी झाली. टेक्ससने काही तासांत जाहीर केलं की आमचा अडवून ठेवलेला वोटर आयडीचा कायदा आता लागू.

आता यातला कहर ऐका, २००६ मध्ये या कायद्याला २५ वर्षांची मुदतवाढ दिली होती, सिनेटमध्ये ९८ विरुद्ध ० ने, बुश यांच्या सहीने, आणि त्या मुदतवाढीला नावं कोणाची दिली होती तर ब्लॅक लोकांच्या मतदान हक्कासाठी लढलेल्या फॅनी लू हेमर, कोरेटा किंग आणि रोझा पार्क्स. म्हणजे पुतळा बसवला त्याच दिवशी त्याच बाईंच्या नावाचा कायदा शेजारी आरोपीच्या पिंजऱ्यात.

पुढे ब्लॅक खासदार जॉन लुईस गेले तेव्हा पण तेच. १९६५ मध्ये मतदान हक्काच्या मोर्चात अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर पोलिसांनी ज्यांची कवटी फोडली ते लुईस, जुलै २०२० मध्ये वारले, सगळ्या पक्षांनी श्रद्धांजली वाहिली. त्यांच्या नावाचं मतदान हक्काचं बिल जानेवारी २०२२ मध्ये सिनेटमध्ये अडकलं ते अडकलंच.

बरं, आता ‘जबाबदारी’कडे या. हे भाषण सुरू कुठून झालं?

गोऱ्या पुढाऱ्यांच्या तोंडचं आजचं व्हर्जन बऱ्याच अंशी १९६५ च्या मॉयनिहन रिपोर्टवरून येतं. हो, तेच बाड आपटणारे मॉयनिहन, तेव्हा लेबर खात्यात होते. त्यांनी लिहिलं की ब्लॅक कुटुंब मोडकळीला येतंय, लग्नाशिवाय जन्मलेली मुलं चोवीस टक्क्यांच्या आसपास, आणि सरकारने राष्ट्रीय पातळीवर हात घालायला पाहिजे. कारणं त्यांनी गुलामी आणि बेरोजगारी हीच दिली होती, पुरुषांना कामं द्या म्हणत होते. पण रिपोर्ट फुटला, वर्तमानपत्रांनी कुटुंबवालं तेवढं उचललं, नोकऱ्यांवालं सोडलं. ब्लॅक नेते चिडले की आमच्या आयांना दोष देताय. मग पुढची पन्नास-साठ वर्षं प्रत्येकाने त्यातला आपल्याला हवा तेवढा तुकडा तोडून नेला.

क्लिंटन तर ब्लॅक लोकांचे लाडके होते, त्यांनी काय केलं?

त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं. १३ नोव्हेंबर १९९३, मेम्फिसचं मेसन टेंपल. हे तेच चर्च जिथे किंगनी मरायच्या आदल्या रात्री शेवटचं भाषण केलं. क्लिंटन तिथे उभे राहिले आणि म्हणाले की आज किंग माझ्या शेजारी असते आणि गेल्या २५ वर्षांचं प्रगतिपुस्तक देत असते तर काय म्हणाले असते, आणि मग सरळ किंगच्या आवाजातच सुरू झाले: मी यासाठी जगलो आणि मेलो नाही की कुटुंबं उद्ध्वस्त व्हावीत, तेरा वर्षांच्या पोरांनी बंदुका घेऊन नऊ वर्षांच्या पोरांना मारावं. समोरचे ब्लॅक पाद्री दाद देत होते. भाषण म्हणून जबरदस्त आहे, आणि त्यात नोकऱ्यांचं पण बोलले, ते नाकारत नाही.

पण पुढच्या सप्टेंबरमध्ये सही कशावर केली, तर १९९४ चा क्राइम बिल: एक लाख पोलीस, राज्यांना तुरुंग बांधायला अब्जावधी डॉलर, तिसऱ्या गुन्ह्याला जन्मठेप. १९९६ मध्ये वेल्फेअरला कात्री. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, क्राइम बिलला बऱ्याच ब्लॅक खासदारांनी, महापौरांनी आणि पाद्र्यांनी पाठिंबा दिला होता कारण त्यांच्याच गल्लीत क्रॅक (कोकेनचा स्वस्त प्रकार) आणि गोळीबार चालला होता. त्यांनी पोलिसांबरोबर शाळा, नोकऱ्या, पोरांसाठी कार्यक्रम हे पण मागितलं होतं. तुरुंग भरभरून आले, बाकीचं चिमूटभर. २०१५ मध्ये क्लिंटननी स्वतः एनएएसीपी या ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या जुन्या संघटनेच्या अधिवेशनात मान्य केलं की मी सही केलेल्या कायद्याने प्रॉब्लेम आणखी वाढला. तोपर्यंत आत गेलेल्यांची वीस वर्षं गेली होती.

ओबामांनी पण ब्लॅक वडिलांना झापलं होतं ना?

हो. जून २००८, फादर्स डे, शिकागोचं एक ब्लॅक चर्च: फार वडील गायब आहेत, पुरुषांसारखं न वागता पोरांसारखं वागतायत. ज्यांचे स्वतःचे वडील लहानपणीच सोडून गेले होते त्या माणसाने हे म्हणणं वेगळं, हे समजू शकतं. पण पुढच्याच महिन्यात किंगचे जुने सहकारी जेसी जॅक्सन टीव्ही स्टुडिओत माइक चालू आहे हे न कळता पुटपुटले की हा ब्लॅक लोकांना वरून बोलतोय, आणि त्यापुढे जे म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माफी मागावी लागली. गंमत म्हणजे सत्तरच्या दशकात शाळाशाळांतून फिरून टीव्ही बंद करा, होमवर्क करा असं पोरांना आणि आईबापांना सांगणारे जॅक्सनच होते.

मग २०१३ मध्ये मोरहाउस कॉलेजमध्ये, म्हणजे किंगच्याच कॉलेजात, ओबामा पदवीधरांना म्हणाले की आता सबबी सांगायला वेळ नाही. पावसात भिजत बसलेली ती पोरं, त्यातली कितीतरी घरातली पहिली पदवीधर, त्यांनी कोणती सबब सांगितली होती? टीका करणाऱ्यांचा मुद्दा हाच होता की गोऱ्या पोरांच्या पदवीदानाला जाऊन राष्ट्राध्यक्ष असं बोलत नाहीत. मला तो मुद्दा पटतो.

ब्लॅक विनोदी नट बिल कॉस्बींचं २००४ चं भाषण पण लोक पाठवतात. शाळेतल्या भेदभावाच्या निकालाच्या पन्नासाव्या वर्षी गरीब ब्लॅक आईबापांना जाहीर धुतलं, टाळ्या मिळाल्या. पुढे त्यांच्यावर बायकांनी जे आरोप केले ते आठवलं की त्या भाषणावर जास्त शब्द खर्च करावेसे वाटत नाहीत.

म्हणजे ब्लॅक लोकांनी स्वतःबद्दल काही बोलायचंच नाही? जबाबदारी वाईट गोष्ट आहे का?

अहो, तेच तर सांगतोय, हे बोलणं त्यांच्यात पूर्वापार आहे. ब्लॅक शिक्षक-नेते बुकर टी. वॉशिंग्टन १८९५ मध्ये हेच सांगत होते, आधी हातातलं कसब, धंदा, मग हक्क. ब्लॅक स्वावलंबनाचे नेते मार्कस गार्वी म्हणाले स्वतःच्या कंपन्या काढा. मॅल्कम एक्स ज्या नेशन ऑफ इस्लाममध्ये होते तिथे दारू, जुगार, डुकराचं मांस सगळं बंद. १६ ऑक्टोबर १९९५ ला लाखो ब्लॅक पुरुष वॉशिंग्टनला जमले ते सरकारकडे मागणी करायला कमी आणि आपलं चुकलं, घर सांभाळू अशी शपथ घ्यायला जास्त. (बोलावलं होतं नेशन ऑफ इस्लामचे नेते फाराखान यांनी, ज्यांची ज्यूंबद्दलची बडबड घाणेरडी होती, त्यामुळे बरेच नेते लांब राहिले.) कुठल्याही रविवारी ब्लॅक चर्चमध्ये जाऊन बसा, पुढारी काय सुनावतील त्याच्या दुप्पट तिथला पाद्री सुनावतो.

किंग पण सांगायचे. ऑक्टोबर १९६७ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका शाळेत पोरांना म्हणाले, रस्ता झाडायचं काम वाट्याला आलं तर मायकेलअँजेलोने चित्रं काढली तसा रस्ता झाडा. आणि हेच किंग ३१ मार्च १९६८ ला, म्हणजे मरायच्या चार दिवस आधी, वॉशिंग्टनच्या कथीड्रलमध्ये म्हणाले की ज्याच्या पायात बूटच नाहीत त्याला स्वतःच्या बुटाचे बंद ओढून वर ये म्हणणं ही क्रूर थट्टा आहे. दोन्ही वाक्यं एकाच माणसाची. पहिलं पोरांना सांगितलेलं, दुसरं सत्तेला. पुढारी पहिलं घेतात आणि दुसरं जिथे सांगायचं तिथे, म्हणजे स्वतःला, सांगत नाहीत.

आपल्याला हे नवीन नाही खरं तर. १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, स्वच्छ राहा, पोरं शिकवा असं सांगितलं, बायकांना लुगडं कसं नेसावं ते पण सांगितलं, आणि त्याच महाडला चवदार तळ्याचं पाणी पण प्यायले. हेच मांसाचं एखाद्या सवर्ण पुढाऱ्याने तळ्यावर बंदी ठेवून सांगितलं असतं तर?

पण ‘वडील घरी नसतात’ हा आकडा तर खरा आहे ना?

अर्धा. ब्लॅक मुलांपैकी जवळपास ७० टक्के मुलं लग्न न झालेल्या आईला होतात, हे खरं. पण लग्न न होणं आणि बाप गायब असणं एक नव्हे. सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा २०१३ चा रिपोर्ट बघा: पाच वर्षांखालच्या मुलांबरोबर राहणाऱ्या वडिलांमध्ये अंघोळ, डायपर, कपडे हे रोज करणारे ब्लॅक ७० टक्के, गोरे ६० टक्के. वेगळे राहणारे ब्लॅक वडीलसुद्धा इतर वेगळे राहणाऱ्यांच्या तुलनेत बरोबरीने किंवा जास्तच लक्ष घालतात. आणि काही वडील घरी नाहीत कारण आत आहेत, १९८६ च्या कायद्याने क्रॅकच्या ५ ग्रॅमला तेवढीच शिक्षा ठेवली होती जेवढी कोकेन पावडरच्या ५०० ग्रॅमला, हे २०१० पर्यंत चाललं. कोण क्रॅकमध्ये पकडलं जायचं ते सांगायला नको.

ब्लॅक लोक एकमेकांनाच मारतात, त्यावर कोणी का बोलत नाही?

बोलतात, रोज बोलतात, मारल्या गेलेल्या पोरांच्या आया मोर्चे काढतात, तुरुंगातून सुटलेली माणसं गल्लीत भांडणं मिटवायचं काम करतात. बातमी होत नाही एवढंच. आणि गोरेही बहुतेक गोऱ्यांनाच मारतात, माणूस शेजाऱ्याला, ओळखीच्याला मारतो. खुनाचं प्रमाण ब्लॅक वस्त्यांत खूप जास्त आहे हे खरंच आहे, ते झाकायचं कारण नाही.

आपले लोक खाली हात गेले आणि करून दाखवलं, मग त्यांना काय झालं?

हा प्रश्न न्यू जर्सीतल्या काकांकडून येतो. काका, तुम्ही डिग्री घेऊन गेलात. आणि जाऊ शकलात कारण १९६५ चा इमिग्रेशन कायदा. त्याआधी अख्ख्या भारताला वर्षाला १०० जणांचा कोटा होता, तो पण १९४६ नंतर. वंशावरून माणूस निवडायचा नाही ही हवा सिव्हिल राइट्सवाल्यांनी तयार केली, त्याच काँग्रेसने व्होटिंग राइट्स अ‍ॅक्ट आणि तुमचा व्हिसा असं दोन्ही पास केलं. तुम्ही निवडून, गाळून आत गेलात. त्यांना साखळीने बांधून नेलं, आणि नंतर १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर त्यांच्या वस्त्यांना लाल रंग देऊन घरकर्ज नाकारलं. अमेरिकेत मध्यमवर्गाची संपत्ती म्हणजे घर. २०२२ च्या फेडरल रिझर्व्हच्या (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या) सर्व्हेत मधल्या गोऱ्या कुटुंबाकडे २ लाख ८५ हजार डॉलर, मधल्या ब्लॅक कुटुंबाकडे ४५ हजारच्या आत. कष्ट कमी केले म्हणून एवढा फरक पडत नाही.

आपल्याकडच्या चळवळीचा याच्याशी काही संबंध?

आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ब्लॅक विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून ब्लॅक लोकांनी युनोला दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या, ड्यू बॉइसनी उत्तरही दिलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती नावासकट ब्लॅक पँथरकडून. आणि १९५९ मध्ये किंग भारतात आले तेव्हा त्रिवेंद्रमच्या शाळेत हेडमास्तरांनी त्यांची ओळख ‘अमेरिकेतले अस्पृश्य’ अशी करून दिली. आधी धक्का बसला, मग वाटलं खरंच आहे की, असं त्यांनी पुढे स्वतःच्या चर्चमध्ये सांगितलं.

हार-तुऱ्यापलीकडे कोणी खरंच काही दिलं का?

मेम्फिसने दिलं, उशिरा. १ फेब्रुवारी १९६८ ला पावसात गाडीच्या मागच्या भागात आडोसा घेतलेले दोन कचरा कामगार यंत्र अचानक चालू होऊन चिरडले गेले, त्यावरून १३०० कामगार ‘मी माणूस आहे’ लिहिलेल्या पाट्या गळ्यात घालून संपावर गेले, आणि त्यांच्यासाठीच किंग तिथे गेले होते. संप जिंकला, युनियनला मान्यता मिळाली, पण शहराची पेन्शन काही मिळाली नाही, त्यामुळे काहीजण सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडली तरी कचऱ्याच्या गाडीवर जात होते. २०१७ मध्ये, किंगच्या पन्नासाव्या स्मृतिदिनाची तयारी चालू असताना, शहराने हयात असलेल्या त्या कामगारांना ५० हजार डॉलर द्यायचं ठरवलं, नंतर रक्कम वाढवली. तोवर ते जेमतेम डझनभर उरले होते.